घाईचं दुखणं

मराठीत पाय मुरगळतो, कमरेत उसण भरते, पोटरीत गोळा येतो, शीर चढते. या सगळ्या बोलण्यात माणूस कुठेच काही करत नाही. पाय आपला आपणच मुरगळतो आणि उसण आपली आपणच येऊन भरते. बोलण्याची ही सवय विचारातही उतरली आहे. खेळताना झालेली दुखापत म्हणजे वाईट वेळ, पाय नको तिथे पडला, असं मानून आपण थेट उपायांना लागतो. आंबेहळदीचा लेप देतो, मिठाच्या पाण्याने शेकतो, पायाळू माणसाचा पाय कमरेला लावून घेतो. दुखणं का झालं हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही, कारण नशिबाला कारण विचारायचं नसतं. तो प्रश्न विचारायला हवा. खेळातल्या बऱ्याचशा दुखापतींमागे कारण असतं, ते शोधता येतं, आणि बहुतेकदा ते एकाच शब्दात सांगता येतं: घाई. एक घाई सराव वाढवण्याची आणि दुसरी, पुरतं बरं होण्याआधी मैदानात परतण्याची. या दोन्ही घाया आवरणं मोठ्या शहरांइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, आपल्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या गावांना जमण्यासारखं आहे.

बिदर जिल्ह्यातलं ठाणाकुशनूर आणि त्याच्या आसपासचा औराद, कमलनगर, भालकीचा टापू उदाहरणादाखल घेऊ. इथल्या खेळांना स्टेडियम लागत नाही. कबड्डी आणि खो-खो शाळेच्या मैदानावर होतात, व्हॉलीबॉल आणि क्रिकेट रिकाम्या रानात, आणि जत्रेत कुस्त्यांचा फड भरतो. शेजारच्या लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांनी कुस्तीत देशभर नाव कमावलं, तो सगळा मुलूख इथला सख्खा शेजारी. पण गेल्या काही वर्षांत या खेळांपेक्षा मोठा झालेला एक व्यायाम आहे, तो म्हणजे भरतीची धाव. सैन्यभरतीला १.६ किलोमीटर धावावं लागतं. महाराष्ट्राच्या पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर. पावसावर अवलंबून असलेल्या तूर-सोयाबीनच्या शेतीला जोड म्हणून घरात एक तरी पक्की नोकरी हवी, या गरजेपोटी मुलं पहाटे डांबरी रस्त्यावर धावतात. त्यांना कुणी खेळाडू म्हणत नाही, तीही स्वतःला तसं म्हणवून घेत नाहीत. पण नडगी, टाच आणि गुडघा यांना माणूस पदकासाठी धावतो की नोकरीसाठी, हे कळत नाही.

शरीराचा हिशेब मुळात सोपा आहे. हाड, स्नायू, स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा आणि दोन हाडांना बांधून ठेवणारं लिगामेंट या सगळ्यांना पेलेल एवढा भार मिळाला, आणि नंतर विश्रांती मिळाली, की ते आधीपेक्षा बळकट होतात. व्यायामाचा फायदा होतो तो याच रीतीने. भार ताकदीपेक्षा जास्त झाला की दुखापत होते, मग तो भार एका क्षणात आलेला असो किंवा थोडा थोडा साचलेला. कबड्डीत चढाई करणाऱ्याचा घोटा पकडला जातो, अंग एकीकडे वळतं, पाऊल मातीत रुतून राहतं आणि गुडघ्यातलं लिगामेंट तुटतं, ही एका क्षणाची दुखापत. नडगीच्या हाडाला बारीक चीर पडते, टाचेमागची धोंडशीर सुजते, ही साचत आलेली दुखापत. दुसऱ्या प्रकारात एक फसवणूक असते. दम आणि स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, पण कंडरा आणि हाड त्यांच्या मागून, फार सावकाश बळकट होतात. चार-पाच आठवडे रोज धावलेल्या मुलाला वाटतं, आता आपण तयार झालो, आता अंतर दुप्पट करू. त्याचा दम खरोखर तयार झालेला असतो. हाड मात्र अजून जुना भाग झिजवून नवा रचण्याच्या मध्यावर असतं. नेमक्या त्याच दिवसांत ते सगळ्यात दुबळं असू शकतं.

मग आधी काय करावं? आपल्याकडचं ठरलेलं उत्तर म्हणजे धावण्याआधी अंग ताणणं. पाय समोर ठेवून अंगठे धरायचे, टाच मागे ओढायची, आणि निघायचं. ऑस्ट्रेलियात सैन्यातल्या १५३८ नव्या जवानांवर १२ आठवड्यांच्या प्रशिक्षणात याची चाचणी झाली आणि २००० साली तिचे निष्कर्ष आले. व्यायामाआधी पायांचे स्नायू ताणणाऱ्या आणि न ताणणाऱ्या गटांत दुखापतींचा म्हणण्याजोगा फरक दिसला नाही. फरक पडला तो आधीच्या तयारीने. ज्यांची धावण्याची क्षमता सुरुवातीला कमी होती, त्यांना दुखापती कितीतरी जास्त झाल्या. म्हणजे नुसतं ताणून भागत नाही, अंग तयार करावं लागतं. ते कसं, याचं उत्तर नॉर्वेतून आलं. तिथल्या १३ ते १७ वर्षांच्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलींच्या संघांना साधारण २० मिनिटांची ठरावीक तयारी शिकवली गेली. हळू धावणं, एका पायावर तोल सांभाळणं, उडी मारून गुडघा आत न वळू देता उतरणं, मांडी आणि पोटाच्या स्नायूंचे व्यायाम, शेवटी वेगाने धावणं आणि वळणं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तयारी करणाऱ्या मुलींच्या एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी आणि गंभीर दुखापती जवळपास निम्म्या निघाल्या. मांडीच्या मागच्या स्नायूसाठी तर एकच व्यायाम पुरतो. गुडघ्यांवर बसायचं, मागून जोडीदाराने घोटे दाबून धरायचे आणि कंबर न वाकवता अंग सावकाश, अडवत अडवत पुढे झुकवायचं. अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा या व्यायामाने त्या स्नायूच्या दुखापती जवळजवळ अर्ध्यावर आल्याचं दिसलं. यातल्या कशालाही पैसा लागत नाही. मागून घोटे धरणारा एक सोबती लागतो, आणि गावाकडे सोबत्यांना तोटा नाही.

यावर गावातली जाणती माणसं एक आक्षेप घेतात आणि तो ऐकून घेण्यासारखा आहे. जुन्या पैलवानांना असली कवायत कुणी शिकवली होती? ते मातीत उतरायचे आणि लढायचे. पण तालमीचा दिनक्रम नीट पाहिला तर उत्तर त्यातच मिळतं. पैलवान थेट कुस्तीला उतरत नसे. आधी आखाड्यातली तांबडी माती खणायची, ती ताक, तेल, हळद घालून मऊ राखायची, मग जोर, बैठका, सपाट्या, आणि त्यानंतर जोड धरायची. नॉर्वेतल्या मुलींना २० मिनिटांत जे शिकवलं, ते तालमीने पिढ्यान्‌पिढ्या खणण्या-घुसळण्यातून आणि बैठकांतून करून घेतलं होतं. वस्ताद नवख्या पोराला पहिल्याच महिन्यात मोठ्या जोडीशी लावत नसे. भार हळूहळू वाढवण्याचा नियम तो हाच. आपण मैदान आणि खेळ घेतले, तालमीची ही शिस्त मात्र सोडून दिली. आणखी एक गोष्ट. जत्रेत साठीतले पैलवान ताठ चालताना दिसतात, त्यांच्यावरून आपण सगळ्या पिढीचा अंदाज बांधतो. ज्यांचा गुडघा विशीत गेला ते फडाच्या कडेला उभे राहून आपली गोष्ट सांगत नाहीत. ते कधीच शेतात परतलेले असतात.

जमीन हाही या हिशेबाचा भाग आहे. या टापूतली काळी माती उन्हाळ्यात तडकते, तिला पायाचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पावसाळ्यात ती पाऊल धरून ठेवते. भेगाळलेल्या रानावर घोटा मुरगळतो आणि चिकट मातीत पाऊल अडकून गुडघा वळतो. म्हणून सामन्याआधी मैदान फिरून पाहणं, भेगा भरणं, खडे वेचणं, पाणी मारून माती बसवणं याला दुखापतीवरचा पहिला उपचारच म्हणायला हवं. खो-खोत खांबाजवळ झेप घेऊन पडावं लागतं, तिथली माती भुसभुशीत हवी. भरतीच्या मुलांनी रोज डांबरावरच धावण्यापेक्षा काही दिवस कच्च्या सपाट वाटेवर धावावं, आणि जुना, तळ झिजलेला बूट अगदी भरतीच्या आदल्या आठवड्यात बदलू नये. नवा बूटसुद्धा हळूहळूच अंगवळणी पाडावा लागतो.

इतकं करूनही दुखापत होईलच, कारण खेळ आहे. तेव्हा पहिल्या दोन-तीन दिवसांत काय करायचं याबद्दल जगभरचं मत गेल्या काही वर्षांत बदललं आहे. अमेरिकी डॉक्टर गेब मिर्किन यांनी १९७८ साली पूर्ण विश्रांती, बर्फ, घट्ट पट्टी आणि पाय उंच ठेवणं हा चारकलमी मंत्र दिला आणि तो सगळीकडे रुजला. पुढे खुद्द मिर्किन यांनीच मत बदललं. सूज ही शरीराच्या दुरुस्तीची सुरुवात असते, ती फार दडपली तर बरं होणं लांबू शकतं. बर्फ दुखणं कमी करतो, म्हणून फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं लावायला हरकत नाही. घरात बर्फ नसेल तर माठातल्या पाण्याची ओली घडी चालते. पट्टी बांधा, पाय उशीवर ठेवा, आणि दुखणं सोसेल तितकी हालचाल एक-दोन दिवसांत सुरू करा. पहिल्या दोन दिवसांत जे करू नये त्यात आपल्या लाडक्या दोन गोष्टी येतात: जोरात चोळणं आणि कडकडीत शेक. आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटलेल्या असतात, चोळण्याने आणि उष्णतेने रक्त आणखी साचतं. आंबेहळदीचा लेप हलक्या हाताने लावला तर बिघडत काही नाही, पण लेपावर भिस्त ठेवून तपासणी टाळली तर बिघडू शकतं.

तपासणी केव्हा हवी हे ओळखायला यंत्र लागत नाही. कॅनडात ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये मुरगळलेल्या घोट्यासाठी एक साधा नियम बांधला. घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या हाडाच्या मागच्या कडेवर वा टोकावर बोटाने दाबल्यावर दुखत असेल, पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर जो उंचवटा लागतो तिथे किंवा आतल्या बाजूला कमानीच्या वरच्या हाडावर दुखत असेल, अथवा दुखापत झाल्या झाल्या आणि तपासणीच्या वेळीही चार पावलं टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढा. यातलं काहीच नसेल तर हाड मोडलेलं असण्याची शक्यता फार कमी. हा नियम मोठ्यांच्या घोट्यासाठी आहे, लहान मुलाबाबत शंका आली तर दवाखान्यात नेलेलंच बरं. गुडघ्यात फट्कन आवाज झाला आणि काही तासांत तो टम्म सुजला तर लिगामेंट तुटल्याचा संशय धरावा. डोक्याला मार लागून मूल गोंधळलं, त्याला मळमळलं, प्रकाश सहन होईना किंवा क्षणभर शुद्ध हरपली, तर त्या दिवशी ते पुन्हा खेळणार नाही. कबड्डीचा अंतिम सामना असला तरीही नाही. उलट्या होत राहिल्या, डोकेदुखी वाढत गेली किंवा झापड येऊ लागली, तर तडक दवाखाना गाठायचा.

इथे हाडवैद्याचा प्रश्न येतो आणि तो तुच्छतेने झटकून टाकण्यासारखा नाही. गावोगाव लोक त्यांच्याकडे जातात, कारण ते जवळ असतात, कमी पैशांत बघतात आणि आपल्या भाषेत बोलतात. त्यांच्या हाताने बरं वाटल्याचं सांगणारे खोटं बोलत नाहीत. साधी मुरगळ दोन-चार आठवड्यांत बहुतेकदा आपोआप ओसरते, आणि ज्याने शेवटचा उपाय केला त्याला श्रेय मिळतं. पण मोडलेल्या हाडावर बांबूच्या कांबी करकचून बांधल्या तर आतली सूज बाहेर फैलावू शकत नाही, रक्तपुरवठा थांबतो आणि बोटं काळी पडून हात किंवा पाय कापावा लागल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत पुष्कळ आहेत. म्हणून बांधणारा कोणीही असो, पट्टीनंतर बोटं बधिर झाली, निळसर किंवा गार पडली, हलवताना असह्य दुखू लागलं, तर पट्टी तिथल्या तिथे सोडवायची आणि त्याच तासाला बिदर किंवा उदगीरची वाट धरायची. सकाळपर्यंत थांबलं तर उशीर होतो.

आता दुसरी घाई, परतण्याची. जुनी दुखापत हीच नव्या दुखापतीची सगळ्यात भरवशाची खूण असते. एकदा घोटा मुरगळला की तो पुन्हा मुरगळण्याची शक्यता वाढते, कारण दुखणं थांबलं तरी तोल सांभाळण्याची जाण आणि स्नायूंची ताकद लगेच परतत नाही. दुखणं थांबलं म्हणजे माणूस बरा झाला, हा आपला सगळ्यात महागात पडणारा समज आहे. गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया झालेल्या खेळाडूंचा नॉर्वे आणि अमेरिकेत मिळून अभ्यास झाला आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. नऊ महिन्यांपर्यंत मैदानात परतणं जितकं पुढे ढकललं, तितका दर महिन्याला गुडघा पुन्हा दुखावण्याचा धोका सुमारे निम्म्याने घटत गेला. विनेश फोगाटचा गुडघा २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकच्या उपांत्यपूर्व लढतीत गेला. तिला मॅटवरून उचलून न्यावं लागलं. दोन वर्षांनी, २०१८ मध्ये, तिने आशियाई स्पर्धेचं सुवर्ण जिंकलं. मराठवाड्यातल्या आष्टी तालुक्याचा, सैन्यात जवान म्हणून दाखल झालेला अविनाश साबळे २०२५ च्या जुलैत मोनॅकोच्या शर्यतीत पडला आणि त्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. देशातल्या अव्वल धावपटूचंही शरीर कॅलेंडर पाहून बरं होत नाही. मोठे खेळाडू परत येतात ते चिकाटीने महिन्यांमागून महिने केलेल्या व्यायामामुळे, आणि तो व्यायाम मुख्यतः एका पायावरच्या बैठका, टाच उचलणं आणि तोल सांभाळणं असाच असतो. परतण्याची परीक्षाही घरी घेता येते. दुखऱ्या पायावर लंगडी घालून जितकं अंतर जाता येतं, ते चांगल्या पायाच्या अंतराच्या निदान नव्वद टक्के भरतं का? एका पायावर टाच उचलण्याची संख्या दोन्हीकडे सारखी येते का? येत नसेल तर अजून वेळ आहे. ज्याच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, त्याने मात्र लंगडीही डॉक्टरांना विचारूनच घालावी.

यावर सगळ्यात जड आक्षेप भरतीच्या मुलांचा आहे. भरतीची तारीख थांबत नाही आणि वयाची अट सरकत नाही. नऊ महिने कुणाकडे आहेत? हा आक्षेप खरा आहे, म्हणूनच त्याला उपदेशाने उत्तर देऊन भागणार नाही. हिशेब मांडावा लागेल. नडगी बऱ्याच लांबीभर ठणकते, धावता धावता ठणका कमी होतो, तेव्हा ती केवळ ताणलेली असते. दोन-तीन आठवडे अंतर निम्मं केलं तर ती सहसा सावरते. दुखणं बोटाच्या टोकाएवढ्या जागी आलं, दर दिवशी लवकर सुरू होऊ लागलं, रात्री झोपेतही जाणवू लागलं, तर हाडाला चीर पडत असण्याची शक्यता असते. ती पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेमध्ये दिसतेच असं नाही. तिच्यावर धावत राहिलं तर दोन महिने, कधी त्याहून जास्त, हातचे जातात. दोन आठवडे वाचवायला गेलेला मुलगा दोन महिने गमावतो, आणि त्यात नेमकी तारीख निघून जाते. शिवाय धावणं थांबवणं म्हणजे दम गमावणं नव्हे. सायकल आहे, विहिरीत पोहणं आहे. छातीचा भाता चालू राहतो आणि हाडाला धक्का बसत नाही. आठवड्याला अंतर दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये असं बरेचदा सांगितलं जातं. तो आकडा काही दगडावरची रेघ नाही, नवख्या धावपटूंवरच्या चाचणीत तेवढ्याने फरक पडल्याचं दिसलं नाही. पण दर तीन-चार आठवड्यांनी एक हलका आठवडा घेणं आणि अंतर व वेग एकदम न वाढवणं यात तोटा कोणाचाच नाही. हाडाच्या चिरेचा संशय नसेल, तर दुखणं दहापैकी तीनच्या वर जात नाही आणि दुसऱ्या सकाळी राहत नाही, तोवर सराव चालू ठेवावा. त्याच्या वर गेलं की मागे यावं.

मुलींचं यात वेगळं सांगायला हवं. वळण्या-उड्यांच्या खेळांत गुडघ्याचं मुख्य लिगामेंट तुटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांच्या दुपटीहून जास्त आढळतं. नॉर्वेतला अभ्यास मुलींवरच झाला होता, म्हणून ती २० मिनिटं त्यांच्यासाठी जास्त मोलाची. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या मुली प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली जिंकल्या, आणि खो-खोकडे वळणाऱ्या मुलींचा उत्साह त्याने वाढेल. त्यांच्या ताटात पुरेसं अन्न पडतं का, हे पाहणं प्रशिक्षकाचंही काम आहे. सराव वाढला, खाणं वाढलं नाही आणि पाळी थांबली, तर हाडं ठिसूळ होऊ लागली असण्याची ती सूचना असते. ती लाजेने लपवली जाते आणि पुढे हाडाची चीर म्हणून समोर येते.

शेवटचा आक्षेप असा की इतके नियम ऐकून पालक मुलांना खेळूच देणार नाहीत. तसं झालं तर या लेखाने नुकसानच केलं म्हणायचं. न खेळण्याने मधुमेह, दुबळी हाडं आणि खचलेलं मन यांचा धोका वाढतो, आणि तो कुठल्याही मुरगळीहून मोठा आहे. ठाणाकुशनूरसारख्या गावाला फिजिओथेरपिस्ट हवा आहे, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातून एक दिवस तरी हवा, आणि ती मागणी गावाने करत राहिलीच पाहिजे. तोवर एक काम उद्याच सुरू करता येईल. शाळेच्या क्रीडाशिक्षकाने किंवा भरतीच्या गटातल्या थोरल्या मुलाने एक वही ठेवावी. रोज कोण किती धावलं आणि कुणाचं कुठे, कधीपासून दुखतंय, एवढंच त्यात लिहावं. दोन महिन्यांनी ती वही चाळली की दिसेल की एखाद्या पांडुरंगाचा पाय आपला आपण दुखू लागला नव्हता, त्याआधीच्या आठवड्यात त्याचं अंतर दुप्पट झालं होतं. मग पुढच्या वर्षी पांडुरंगाच्या धाकट्या भावाला कुणीतरी वेळेवर सांगू शकेल, की या आठवड्यात एवढंच पुरे.